उसण भरते तेव्हा

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कमरेत उसण भरली की औषधाच्या आधी माणूस शोधला जायचा. तो पायाळू असावा लागे, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा. त्यानं दुखणाऱ्या कमरेला पाय लावायचा, कुठे कुठे हलकीशी लाथ मारायची, की उसण उतरते असा समज होता. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांमागे तीन-चार बाळं जन्माच्या वेळी डोकं वर आणि पाय किंवा बूड खाली अशा स्थितीत असतात. त्यामुळे पंचक्रोशीत एखादा तरी पायाळू सापडायचाच. त्याला मानही असायचा, कारण गुण आल्याची उदाहरणं घरोघरी होती.

ती उदाहरणं खोटी नव्हती. कमरेत अचानक भरलेली उसण बहुतेकांची आपणहून उतरते. पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो, आठवडाभरात उठबस जमू लागते आणि चार ते सहा आठवड्यांत बहुतेक माणसं कामाला लागलेली असतात. साहजिकच तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे काही केलेलं असेल, त्याच्या नावावर गुण जमा होतो. खेड्यात तो पायाळूच्या पायाला मिळाला, शहरात इंजेक्शनला, पट्ट्याला किंवा विजेच्या यंत्राला मिळतो. 2014 साली ऑस्ट्रेलियात साडेसोळाशे कंबरदुखीच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. काहींना नियमित पॅरासिटामॉल दिलं, काहींना दुखेल तेव्हा घ्यायला सांगितलं, तर काहींना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली. पहिल्या दोन्ही गटांतले निम्मे रुग्ण सतरा दिवसांत बरे झाले, नुसत्या गोळीवरचे निम्मे सोळा दिवसांत.

हे एकदा ध्यानात घेतलं की दोनच प्रश्न उरतात. आपली उसण त्या बहुतेकांतली आहे की थोडक्या गंभीर दुखण्यांतली, हे कसं ओळखायचं? आणि आपणहून बरं होणाऱ्या दुखण्यात आपल्याच हातून खोडा कसा घालायचा नाही?

आत काय घडतं

कमरेच्या भागात पाच मणके असतात. वरून खाली ते मोठे होत जातात, कारण खालच्यावर भार जास्त. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिच्या बाहेर चिवट तंतूंची एकावर एक कडी असतात आणि आत पाण्याचं प्रमाण भरपूर असलेला मऊ गर. ही गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते, त्यामुळे ती जागची सरकत नाही आणि कुणी दाबून ‘बसवून’ही देऊ शकत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान सांधे असतात, त्यांना बांधणारे अस्थिबंध असतात आणि या सगळ्यावर स्नायूंचे जाड थर. छातीच्या मणक्यांना बरगड्यांचा आधार मिळतो, कमरेच्या मणक्यांना तो नाही. वाकणं आणि भार पेलणं ही दोन्ही कामं प्रामुख्यानं शेवटच्या दोन गाद्यांवर येतात आणि गादीचे विकारही तिथेच सर्वाधिक दिसतात.

उसण भरते तेव्हा यांपैकी नेमकं काय दुखावलं, हे शंभरातल्या पंच्याऐंशीहून अधिक रुग्णांत खात्रीनं सांगता येत नाही. एखादा स्नायू ताणला असेल, छोट्या सांध्याभोवतीचं आवरण चिमटलं असेल किंवा गादीच्या कड्याला बारीक चीर गेली असेल. इजा लहान असते, पण तिच्याभोवतीचे स्नायू एकदम आखडतात. माणूस एका बाजूला कलतो, शिंक आली तरी डोळ्यांत पाणी येतं, अंथरुणात कूस बदलणं हे मोठं काम होऊन बसतं. या कळांचा मोठा वाटा आखडलेल्या स्नायूंचा असतो.

दुखणं किती आहे यावरून इजा किती आहे, हे ठरवता येत नाही, ही या प्रकरणातली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट. साधी उसण माणसाला जमिनीवर लोळवते आणि पंधरवड्यात विसरली जाते. उलट मणक्याचा क्षय महिनोन्महिने मंद दुखतो आणि आत हाड पोखरत राहतो. म्हणून डॉक्टर ‘किती दुखतं’ याच्याइतकंच ‘कधी दुखतं, कुठवर जातं, सोबत काय होतं’ हेही विचारतात.

उसण भरण्याचे प्रसंगही पाहण्यासारखे आहेत. 2015 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ताज्या कंबरदुखीच्या 999 रुग्णांना दुखणं सुरू होण्याआधीच्या तासांबद्दल विचारलं. सकाळी सात ते दुपारी बारा या वेळात सर्वाधिक जणांचं दुखणं सुरू झालं होतं. अवघडलेल्या स्थितीत काही उचलणं, थकवा, आणि काम करताना लक्ष दुसरीकडे असणं, यांनी धोका वाढत होता. त्यातही लक्ष विचलित होण्याचा संबंध सर्वांत ठळक निघाला. सकाळच्या वेळेमागे शरीराची एक घडामोड असू शकते. रात्री आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून झोपून उठल्यावर आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. आपल्याकडे तर नेमक्या त्याच वेळी अंगण झाडणं, पाणी भरणं, भरलेली बादली मोरीत नेणं, लहान मूल खालून उचलणं ही कामं एकामागून एक असतात.

पहिले दोन दिवस

उसण भरल्या क्षणी हातातली वस्तू सोडून द्यावी आणि ज्या स्थितीत सुसह्य वाटेल तिथे टेकावं. उताणं झोपून गुडघ्यांखाली दोन उशा, किंवा पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाठ जमिनीवर, असं पुष्कळांना मानवतं. कुशीवर झोपणाऱ्यानं गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी. लाकडी फळीवरच झोपलं पाहिजे या समजाला आधार नाही. फार खचणारी नसलेली नेहमीची गादी चालते.

खरी परीक्षा उठताना होते. उताण्या स्थितीतून सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी कोपर-तळव्यावर भार देऊन धड वर आणावं. जमिनीवर अंथरूण असेल तर कुशीवरून रांगण्याच्या स्थितीत यावं, समोर जड खुर्ची ठेवून तिला धरावं, एक पाय पुढे रोवावा आणि मग उभं राहावं. चार-पाच दिवस भारतीय बैठकीचं शौचालय टाळता आलं तर बरं. कमोड नसेल तर मधोमध भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. या दिवसांत गोळ्यांमुळे आणि कमी हालचालीमुळे बद्धकोष्ठ होतो आणि कुंथताना कळ वाढते. त्यासाठी पाणी, फळं, भाज्या यांकडे लक्ष द्यावं. खोकला किंवा शिंक येताना टेबलावर किंवा भिंतीवर हात टेकवून गुडघे थोडे वाकवले तर झटका कमी बसतो.

गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं कपड्यावरून ठेवली की आखडलेले स्नायू सैल पडतात. शेकाचा फायदा थोडा असला तरी चाचण्यांत दिसलेला आहे. निर्गुडीचा पाला गरम करून बांधणं किंवा कोमट तेल लावणं यातही उष्णता आणि हलका स्पर्श मिळतोच. तेल जिरवण्याच्या नावाखाली जोरात रगडणं मात्र नको, आणि पाठीवर कुणाला उभं करणं तर मुळीच नको. वयस्कर, हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्याला असा भार सोसत नाही. साधी उसण जाऊन तिथे खरोखर मोडलेला मणका यायचा.

गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या वेदनाशामकांचा थोडाफार उपयोग होतो. पण मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. म्हणून दुकानदाराला विचारून न घेता डॉक्टरांना विचाराव्यात आणि थोडेच दिवस घ्याव्यात. अफूच्या वर्गातली तेज औषधं साध्या उसणीत देऊ नयेत असा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीतून निघाला. औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्यांनी अधिक आराम दिला नाही. नाव नसलेल्या पुड्यांपासूनही लांब राहावं. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि त्यानं लगेच बरं वाटत असलं तरी महिनोन्महिने घेतल्यास हाडंच ठिसूळ होतात.

झोपून राहण्याचा सल्ला कुठून आला

‘पंधरा दिवस अंथरुणातून उठायचं नाही’ हा सल्ला आपल्या मागच्या पिढीनं अगदी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे. त्याची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहेत. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी विश्रांती आणि वेदना या विषयावर दिलेली व्याख्यानं 1863 साली ग्रंथरूपात आली, आणि लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी हाडासांध्यांच्या रोगांत दीर्घ, अखंड विश्रांतीचा आग्रह धरला. क्षयानं सडलेल्या सांध्यांना आणि मोडलेल्या हाडांना त्या काळी तेच हितकारक होतं. पुढे तोच नियम साध्या कंबरदुखीलाही लावला गेला आणि शंभर वर्षं कुणी तपासून पाहिला नाही.

1986 साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 203 रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस 45 टक्क्यांनी कमी बुडाले आणि दुखणं बरं होण्यात फरक पडला नाही. 1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर पुढची पायरी तपासली गेली. एका गटाला दोन दिवस झोप, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की सोसेल तितकं रोजचं काम चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. म्हणजे ताज्या उसणीत झोपून राहणं नको, तसे मारूनमुटकून केलेले व्यायामही नकोत. घरात दर तासाला उठून चार पावलं चालावं, दुसऱ्या दिवशी अंगणापर्यंत, तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत.

डॉक्टरांना हे पटलं तरी लोकांच्या मनातली भीती राहतेच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 1997 पासून दूरचित्रवाणीवर जाहिराती दाखवल्या. पाठ दुखली म्हणून झोपून राहू नका, चालते-फिरते राहा, असा त्यांचा मथितार्थ. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि पाठदुखीपोटी नुकसानभरपाई मागणारे कामगार कमी झाले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशी मोहीम नव्हती. तिथे हा बदल दिसला नाही.

वाट पाहू नये अशा खुणा

आता त्या थोडक्या गंभीर दुखण्यांबद्दल. पाठीच्या कण्यातून येणारा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नसांचा झुबका उरतो, त्याला वैद्यकात अश्वपुच्छ म्हणतात. गादीचा मोठा तुकडा या झुबक्यावर दाबला तर लघवी-शौचाचं नियंत्रण जाऊ शकतं. खुणा अशा: लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, शौचानंतर धुताना हाताचा स्पर्शच न कळणं, दोन्ही पायांत कळ आणि वाढत जाणारी कमजोरी. लाजेपोटी हे सांगायचं राहून जातं, विशेषतः बायकांकडून. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या मोठ्या रुग्णालयात जावं. इथे उशीर तासांत मोजतात; दाब वेळेत काढला नाही तर गेलेलं नियंत्रण कायमचं जाऊ शकतं.

बाकीच्या खुणांत इतकी घाई नसली तरी तपासणी टाळू नये. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. साठीपुढच्या बाईला किंवा बरेच दिवस स्टिरॉइड घेणाऱ्याला साध्या धक्क्यानं भरलेली उसण. यात मणका चेपलेला असू शकतो. पूर्वी कर्करोग झालेला असणं. ताप. घटत चाललेलं वजन. रात्री झोपमोड करणारं, कोणत्याही स्थितीत न थांबणारं दुखणं. भारतात यात क्षयाचा विचार आधी करावा लागतो, कारण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या देशात आहेत आणि हाडांच्या क्षयात मणक्याचाच वाटा सर्वांत मोठा. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री येणारा घाम, उतरलेली भूक आणि महिन्याहून अधिक काळ दुखणारी पाठ असं एकत्र आलं तर नुसत्या शेकावर दिवस काढू नयेत. वेळेत कळलं तर मणक्याचा क्षय बहुतेकदा औषधांनीच बरा होतो आणि ती औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

काही वेळा दुखणं कमरेचं नसतंच. मूतखड्याची कळ कुशीतून जांघेकडे येते, लाटांसारखी चढते-उतरते आणि माणूस तळमळत फेऱ्या मारतो. उसण भरलेला माणूस मात्र हलायलाच घाबरतो. वयस्कर धूम्रपान करणाऱ्या माणसाला अचानक पोटात-पाठीत तीव्र कळ येऊन चक्कर आली, घाम फुटला, तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फाटत असण्याचा धोका असतो. तिथे रुग्णवाहिकाच बोलवावी.

कळ पायात उतरली तर

कमरेपेक्षा पाय जास्त दुखू लागला, कळ नितंबातून मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरी-पावलापर्यंत गेली, मुंग्या आल्या, तर नसेला त्रास होत असण्याची शक्यता आहे. यालाच आपण सायटिका म्हणतो. डॉक्टर रुग्णाला उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय वर उचलतात. साठ-सत्तर अंशांच्या आतच गुडघ्याखाली कळ गेली तर नस ताणली जात असावी, असं मानतात. ही तपासणी पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग यांच्या नावानं ओळखली जाते, पण ती 1881 साली लिहून ठेवली त्यांचे विद्यार्थी फोर्स्ट यांनी. पायाचा अंगठा वर उचलता येतो का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का, हेही पाहतात. पाऊल लुळं पडत असेल तर मात्र लवकर तज्ज्ञ गाठावा.

गादीतला गर बाहेर येऊन नस दाबतो, हे बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी 1934 साली स्पष्ट मांडलं. त्यानंतर कित्येक दशकं जगभर प्रत्येक कंबरदुखीचं खापर गादीवर फुटत राहिलं आणि शस्त्रक्रिया वाढत गेल्या. पुढे एमआरआयनं एक वेगळीच गोष्ट दाखवली: बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं, आणि मोठा, सुटा झालेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आक्रसतो. नेदरलँड्समध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र सायटिकाच्या 283 रुग्णांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली आणि बाकीच्यांना आधी थांबवलं. शस्त्रक्रियेनं पायाची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत सुमारे 95 टक्के रुग्ण सावरलेले होते आणि थांबवलेल्यांपैकी 39 टक्क्यांनाच शेवटी शस्त्रक्रिया लागली. त्यामुळे लघवी-शौचाचं नियंत्रण गेलेलं नसेल आणि पायाची ताकद घटत नसेल, तर सहा-आठ आठवडे वाट पाहणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. कळ सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया करून घेण्यातही गैर काही नाही. निवड रुग्णानं, खर्च आणि कामाची निकड पाहून करायची.

एमआरआयची घाई

एमआरआय आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. वर सांगितलेल्या खुणा असतील तर तो अनमोल आहे. त्या नसताना पहिल्याच आठवड्यात तो काढला तर बहुधा नवीनच काळजी पदरात पडते. 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढून पाहिले. 52 टक्के जणांच्या निदान एका गादीला फुगवटा होता. सर्व गाद्या निर्दोष असलेले फक्त 36 टक्के निघाले. 2015 साली अशा तीन हजारांहून अधिक निरोगी लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. दुखणं मात्र कुणालाच नव्हतं.

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘तीन गाद्या गेल्यात’, ‘आता कधी वाकू नका’ अशी वाक्यं म्हणूनच जपून बोलायला हवीत. तिशीतला माणूस ती ऐकून वाकणं सोडतो, खेळणं सोडतो, मूल उचलणं सोडतो, स्नायू आणखी दुबळे होतात आणि पुढच्या उसणीला जागा तयार होते. पांढऱ्या केसांइतक्याच सामान्य असलेल्या वयाच्या खुणा अहवालात रोगासारख्या वाचल्या जातात. अहवाल हातात आला तर डॉक्टरांना सरळ विचारावं: माझ्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसातही हे दिसतं का? आणि यामुळे उपचारात काय बदलणार आहे?

कोणाकडे जावं

धोक्याच्या खुणा नसतील तर पहिली पायरी नेहमीचे फॅमिली डॉक्टर. त्यांनी कपडे बाजूला करून पाठ पाहावी, पाय उचलून पाहावा, ताकद आणि संवेदना तपासाव्यात. हात न लावता थेट तपासण्या लिहून देणाऱ्यापेक्षा दहा मिनिटं नीट तपासणारा डॉक्टर अधिक उपयोगाचा. दोन आठवड्यांत उतार दिसला नाही, किंवा कळ पायात उतरली, तर अस्थिरोगतज्ज्ञ.

फिजिओथेरपिस्टकडे मात्र शेवटी न जाता लवकर जायला हरकत नाही. त्यांच्या कामाचा गाभा म्हणजे हालचाल शिकवणं. 1956 साली न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेंझी यांच्या दवाखान्यात सायटिकाचा एक रुग्ण चुकून डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर पालथा झोपला. पाठ मागे वाकलेल्या स्थितीत काही मिनिटं पडून राहिल्यावर त्याची पायातली कळ ओसरली. त्यातून मॅकेंझी यांनी कोणत्या दिशेच्या हालचालीनं कळ कमरेकडे मागे सरकते हे तपासण्याची पद्धत विकसित केली. आज ती जगभर शिकवली जाते. कळ पायातून कमरेकडे येत असेल तर सुधारणा, कमरेतून पायाकडे जात असेल तर तो व्यायाम थांबवायचा, हा तिचा उपयोगी ठोकताळा. नुसती यंत्रं लावून रोज पैसे घेणाऱ्या आणि एकही व्यायाम न शिकवणाऱ्या केंद्रात फार दिवस घालवू नयेत.

ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून ताण देणं, चाचण्यांत फारसं उपयोगी ठरलेलं नाही. कमरेचा पट्टा प्रवासात दोन-चार दिवस धीर देत असेल तर वापरावा, पण त्यानं पुढची उसण टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीचा उपचार म्हणून नकोत, असंच म्हटलं आहे. वैद्यांच्या तेलानं, कटिबस्तीनं आराम वाटत असेल तर हरकत नाही. मात्र ‘मणका बसवून देतो’ म्हणत झटका देणाऱ्या हाडवैद्याकडे, पायात कळ किंवा बधिरपणा असताना, किंवा हाडं ठिसूळ असताना, जाऊ नये.

पोत्याचं वजन

इथवरचे सल्ले ज्याला चार दिवस रजा काढता येते त्याला जमण्यासारखे आहेत. ऊसतोडीच्या फडात उसण भरली तर एक खाडा म्हणजे उचलीतून कापलेले पैसे. तिथे नवरा-बायकोचा कोयता जोडीनं चालतो; एकाची कंबर गेली की मोळ्या वाहण्याचं काम दुसऱ्यावर पडतं. भातलावणीतल्या बाईचं सगळं कामच कमरेतून वाकून. हमालाला वाकताना गुडघे वाकव, ओझं छातीशी धर, वळताना पाय वळव हे सांगणं योग्यच आहे, पण क्विंटलभराचं पोतं कोणत्याही पद्धतीनं उचललं तरी क्विंटलभराचंच राहतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची कमाल सुचवली. महाराष्ट्रानं 1969 साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि गोणी पन्नास किलोच्या आत असावी यासाठी माथाडी संघटना बाजार समित्यांत आजही भांडतात. कंबरदुखी टाळण्याचा हाही एक उपचार आहे आणि तो कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

कामावर परतताना

दुखणं शून्यावर येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर परतणं लांबतच जातं. थोडं दुखत असतानाच हलक्या कामापासून सुरुवात करावी, दर अर्ध्या तासानं उठावं, पहिले काही दिवस सकाळच्या तासाभरात वाकून जड उचलणं टाळावं. काम केल्यावर थोडं ठसठसणं म्हणजे नवी इजा झाली असं नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या पातळीवर आलं की पुढचं पाऊल टाकायचं.

उसण पुन्हा भरू शकते, हे आधीच मान्य केलेलं बरं. ती टाळण्यासाठी काय उपयोगी पडतं यावरच्या चाचण्या 2016 साली एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा व्यायाम आणि माहिती यांच्या जोडीनं धोका 45 टक्क्यांनी घटलेला दिसला. पट्टे आणि बुटांतल्या गाद्या यांचा मात्र फायदा दिसला नाही. व्यायाम महागडा असायलाही नको. 2024 साली ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम दिला. त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा दुखायला 208 दिवस लागले, कार्यक्रम नसलेल्यांना 112.

आणि तरीही ती भरलीच, तर क्रम ठरलेला आहे. आधी लघवी, शौच, पायांची ताकद आणि बधिरपणा तपासायचा, मग ताप आणि वजन आठवायचं. तिथे काही खटकलं तर डॉक्टर गाठायचा. नाही खटकलं तर शेक घ्यायचा, सुसह्य स्थिती शोधायची आणि तासाभरानं उठून चार पावलं टाकायची. पहिल्या उसणीला माणूस दुखण्याच्या तीव्रतेनं घाबरलेला असतो. दुसऱ्या वेळी दुखणं तेवढंच असतं, पण त्याचा अर्थ काय घ्यायचा हे माहीत असतं, आणि बरं होण्याचा बराचसा भाग तिथूनच सुरू होतो.